तीन बोलींचा जिभाऊ: एका विनोदी पटकथेतल्या प्रेमप्रकरणांची तपासणी

पटकथा ११२ पानांची, प्रसंग ७४, मुक्काम अमळनेर तालुका. ती अभ्यासासाठीच रचलेली आहे, त्यामुळे यातला जिभाऊ कुणाला ओळखीचा वाटला तरी तो कुणीही नाही. दुखणं मात्र खरं आहे. खान्देशात आणि खान्देशाबाहेरही निम्म्याअधिक विनोदी पटकथांना ते जडलेलं असतं: नायक तीनदा प्रेमात पडतो आणि तिन्ही वेळा होता तसाच बाहेर येतो.

जिभाऊचं वय ३१, लग्न व्हायचंय. 'जिभाऊ' हे थोरल्या भावाला मानानं म्हणायचं नाव, पण सगळा बाजार त्याला तेच म्हणतो. ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. १६ मिलीमीटरच्या नळीची भेंडोळी, फिल्टर, व्हेंचुरी, एंड कॅप आणि सायकलवरून डिलिव्हरी करणारा एक पोऱ्या. खोड एकच, समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही. गिऱ्हाईक ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत हा उत्तर देतो आणि गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असेल तेच सांगतो. धंद्यात ही खोड म्हणजे भांडवल. प्रेमात तीच आग लावते. विनोदी नायकाची खोड अशीच हवी, एका खोलीत कमावणारी आणि दुसऱ्या खोलीत बुडवणारी. नुसता वेंधळेपणा ही खोड नव्हे, तो पाय घसरण्यापुरता पुरतो.

बायका तीन. रंजना ही गावातली जुनी ओढ. लग्न होऊन गेली, आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलीय. हेतल ही चांगलं स्थळ म्हणून आलेली. घराणं अमळनेरकडचंच, पण दोन पिढ्या सुरतेत, म्हणून नाव हेतल. तिसरी तालुका कृषी कार्यालयातली 'मॅडम', पश्चिम महाराष्ट्रातून आलेली, ठिबकच्या अनुदानाची मोका तपासणी, म्हणजे वावरात जाऊन मोजणी, करणारी. सामाजिक पाया पक्का आहे. शेती किंवा शेतीशी जोडलेला धंदा करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा, हे खान्देशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मध्यस्थ जिभाऊची ओळख 'ठिबक कंपनीत इंजिनिअर' अशी करून देतो. जिभाऊ नाही म्हणत नाही. गोष्ट इथून सुरू होते.

पहिल्या खर्ड्यात काय बिघडलं होतं

तपासणीची पहिली रीत अगदी गावठी आहे. पटकथेतली नायिकांची सगळी पानं बाजूला काढायची आणि उरलेली एका दमात वाचायची. या खर्ड्यात नायिकांचे २३ प्रसंग होते. ते काढल्यावर उरले ५१, आणि त्यांत जिभाऊच्या वागण्यात तसूभर फरक दिसला नाही. पान १२ वर तो दुकानात जसा बोलतो, अगदी तसाच पान ८० वर. म्हणजे प्रेम प्रेमाच्या प्रसंगात राहिलं, दुकानात आलंच नाही. खऱ्या माणसाचं असं होत नाही. सुपारी फुटलेला माणूस हिशेबाला बसला तर त्याची बेरीज चुकते.

दुसरा बिघाड मध्यंतरानंतरचा. पान ६१ ला एक गाणं येतं, जिभाऊ तलावाकाठी बसून विचार करतो आणि शहाणा होतो. शहाणा झाला की खोड गेली, खोड गेली की हसू गेलं. उरलेली पन्नास पानं मग जिभाऊच्या मित्रानं ओढायची: केळीवरून घसर, म्हशीमागे पळ. प्रेमानं नायक 'सुधारतो' ही समजूत कौटुंबिक नाटकातून आलेली आहे. विनोदी चित्रपटात प्रेमानं खोड जाता कामा नये, ती भलत्या जागी कामाला लागली पाहिजे.

तिसरा बिघाड बायकांचा. तिघींना स्वतःचं काहीच नको होतं. त्या ऐकतात, रुसतात, हसतात, जातात. २३ पैकी जेमतेम ४ प्रसंगांत बाई स्वतःच्या कामानं आलेली आहे. जिला काही नको, तिच्यासमोर नायकाला काही लपवावंही लागत नाही, आणि लपवाछपवी नाही तर विनोद कशाचा? १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'ची बांधणी आठवून पाहा. घर मिळावं म्हणून दोघांना बाईच्या वेषात राहावं लागतं. ही थाप प्रेमासाठी मारलेली नाही, पण प्रेमात पडल्यावर नेमका तोच वेष आडवा येतो. एका गरजेसाठी मारलेली थाप दुसऱ्या गरजेच्या मुळावर येते, म्हणून तो चित्रपट आजही चालतो. जिभाऊच्या खर्ड्यात इंजिनिअरकीची थाप फक्त हेतलच्या बापाला लागू होती. रंजनाला त्या थापेशी देणंघेणं नव्हतं, मॅडमना तिचा पत्ता नव्हता.

चौथा बिघाड लहान, पण खान्देशात सगळ्यात महाग पडणारा. अहिराणी हसण्यासाठी वापरली होती. नायक प्रेमात गंभीर झाला की प्रमाण मराठी, येडा झाला की अहिराणी. धुळ्या-अमळनेरचा प्रेक्षक हे दहाव्या मिनिटाला ओळखतो आणि गप्प होतो. शिवाय लिहिताना वाक्यागणिक 'शे', म्हणजे 'आहे', चिकटवला की अहिराणी होते, असा समज दिसत होता. तिथं एकाला 'शे' आणि अनेकांना 'शेतस' लागतं, आणि चालू असलेल्या कामाला 'राहिनू'. एवढंही सांभाळलं नाही तर पोस्टरवर 'अस्सल खान्देशी' छापू नये.

दुरुस्तीचा पहिला टप्पा: हाक

संवादांना हात लावण्याआधी कोण कुणाला काय म्हणतं ते ठरवलं. जिभाऊचं खरं नाव सुभाष. रंजना त्याला 'सुभ्या' म्हणते, अख्ख्या पटकथेत ती एकटीच. हेतलच्या घरी तो 'इंजिनिअरसाहेब'. मॅडम 'तुम्ही' आणि 'दुकानदार', यापलीकडे जात नाहीत. तोही त्यांना 'मॅडम'च म्हणतो, त्यांचं नाव वैशाली आहे हे पान ९७ पर्यंत त्याला ठाऊकच नसतं. तीन हाकांना तीन माणसं ओ देतात. नटाच्या हाती एवढं दिलं तरी त्याचा खांदा, चाल, आवाज आपोआप बदलतो.

बोलीचं तसंच. रंजनापुढे नितळ अहिराणी. मॅडमपुढे पुस्तकी मराठी, त्यातही 'ण' आणि 'ळ' यांचा जरा जास्तच उच्चार. सुरतकरांपुढे अहिराणी, हिंदी आणि गुजराती यांची खिचडी. यात एक आयती सोय आहे. अहिराणीचा 'शे' आणि गुजरातीचा 'छे' कानाला इतके जवळ आहेत की जिभाऊ एकातून दुसऱ्यात कधी घसरतो ते त्यालाही कळत नाही. भुसावळ-सुरत मार्गावर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत जाताना डब्यातली बोली स्टेशनागणिक कशी रंग बदलते हे ज्यानं ऐकलंय, त्याला हा विनोद वेगळा लिहावा लागत नाही.

दुसरा टप्पा: प्रत्येकीनं काय मागे ठेवलं

नात्यानं पात्र घडतं ते मनात घडत असेल, पडद्यावर मात्र सवयीत दिसावं लागतं. म्हणून एक नियम घेतला. प्रत्येक नात्यानं जिभाऊला एक उसनी सवय द्यायची, आणि ती सवय ती बाई समोर नसताना, शक्यतो दुकानात, दिसली पाहिजे.

हेतलच्या घरून त्यानं 'चालशे' उचललं, गुजरातीतलं 'चालेल'. पहिल्यांदा म्हणतो होणाऱ्या सासऱ्याच्या खुशामतीला, मग गिऱ्हाइकाला, मग उधारी बुडवणाऱ्याला. पान ४४ वर घरी आई विचारते, 'भाजीमा मीठ कमी शे का?' आणि हा म्हणतो, 'चालशे.' आई परात खाली ठेवते आणि नुसती पाहते. तीन सेकंद, संवाद नाही. पोरगा हातचा चालला हे आईला सुपारीच्या दिवशी कळत नाही, इथं कळतं.

मॅडमकडून त्यानं टेप घेतला. मोजायची सवय त्याला नव्हती, दुकानात नळी तो हातानंच मापायचा आणि दोन हात जास्त द्यायचा. पान ६६ पासून टेप त्याच्या खिशात येतो. गिऱ्हाइकाला आता नेमकी नळी मिळते आणि गिऱ्हाईक नाराज होतं. प्रामाणिकपणानं धंदा बसतो आहे, आणि त्याचं कारण प्रेम आहे हे फक्त पोऱ्याला कळलंय.

हा पोऱ्या पहिल्या खर्ड्यात डिलिव्हरीपुरता होता. दुरुस्तीत त्याला तमाशाच्या गवळणीतल्या मावशीची जागा दिली. गवळणीत कृष्ण आणि गौळणींचं प्रेम थेट आपल्यापर्यंत येतच नाही, ते मावशीच्या टोमण्यातून गाळून येतं. म्हणून ते गोड होऊनही चिकट होत नाही. ग्रामीण विनोदात प्रेमाच्या प्रसंगाला असा तिसरा माणूस लागतोच. दोघंच एकांतात बोलू लागले की प्रेक्षागृहातून शिट्टी तरी येते, नाहीतर खोकला.

रंजनाकडून काही उसनं घ्यायचं नव्हतं, कारण जुनी ओढ उसनं देत नाही, वसुलीला येते. पहिल्या खर्ड्यात ती फक्त भूतकाळातल्या गाण्यात होती. आता ती पान ९ ला आखाजीसाठी माहेरी येते. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, त्यामुळे तिच्या येण्याला वेगळं कारण लिहावं लागत नाही. तिला नवरा दिला आणि तो चांगला दिला, नाहीतर प्रेक्षक निष्कारण आशा धरून बसतो. नवऱ्याचा प्रसंग एकच: दुकानात येतो, चाळीस एंड कॅप घेतो, घासाघीस न करता पैसे देतो, नमस्कार करतो. जिभाऊला भांडायला जागाच उरत नाही. रंजना झोक्यावरून एकच विचारते:

'तू कोन्हले नही म्हनस का रे कधी?'

'नही.'

नव्वद पानांतला हा त्याचा एकुलता एक 'नाही', आणि तोही कबुलीजबाब. तिच्यासाठी तेव्हा कुणाला तरी नाही म्हणायचं राहून गेलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. या 'नही'नंतर दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, संगीत नको. प्रसंगाचा सगळा जोर या शब्दावर आहे आणि पार्श्वसंगीतवाले नेमकी तीच जागा भरून टाकतात.

हेतल: दोन होकारांची सुपारी

सगळ्यात मोठी दुरुस्ती इथं झाली, आणि ती करताना लिहिणाऱ्याला घाम फुटायला हवा, कारण इथूनच चित्रपट उभा राहतो किंवा पडतो. पहिल्या खर्ड्यात हेतल म्हणजे गॉगल लावणारी, गावाला नाक मुरडणारी शहरी मुलगी. असली पात्रं कैक वर्षं झाली, कुजली. तिला वाईट ठरवलं की मॅडम आपोआप चांगल्या ठरतात, मग नायकाला निवडण्याचं काम उरत नाही.

नवी हेतल जिभाऊचीच बहीण शोभावी अशी आहे. तिलाही नाही म्हणता येत नाही. सुरतेत शिवणकामाचं युनिट टाकायचं तिच्या मनात आहे, गावाकडे यायचं नाही, पण बापानं विचारलं तेव्हा तीही 'चालशे' म्हणाली. म्हणजे सुपारी फुटली ती दोघांना एकमेक आवडले म्हणून नव्हे, दोघांपैकी एकालाही नकार देता आला नाही म्हणून. हे प्रेक्षकाला पान ३८ ला कळतं, त्या दोघांना पान ७१ ला. मधली तेहतीस पानं दोघं फोनवर एकमेकांना नकार द्यायची संधी देत राहतात. पहिला प्रश्न जिभाऊचा, आणि 'गमतु' म्हणजे आवडतं:

'तुमाले गरमी सहन होत नसेल ना इथली?'

'नही नही, चालशे. तमने सुरत नहीं गमतु होय ने?'

'गमतु ना! खूप गमतु.'

प्रत्येक वाक्यानं लग्न एक दिवस जवळ येतं. प्रेमाचा एकही शब्द नसलेला हा प्रसंग पटकथेतला सगळ्यात प्रेमळ प्रसंग आहे, कारण दोघं समोरच्याला दुखवायचं टाळताहेत. जिभाऊला इथं पहिल्यांदा स्वतःची खोड बाहेरून दिसते, दुसऱ्याच्या तोंडून. आरशासारखं पात्र हवं असतं ते यासाठी, आणि तलावाकाठच्या गाण्यानं ते काम होत नाही. गाणं काढलं. चार मिनिटं वाचली.

मोका तपासणीचा प्रसंग

तिन्ही नाती एका वावरात आणायची होती. निमित्त कोरडं घेतलं, कारण कोरड्या निमित्तावर विनोद ओला दिसतो. हेतलच्या बापाची गावाकडे एक एकर जमीन आहे, तिथं पूर्वहंगामी कपाशीसाठी जिभाऊनं ठिबक टाकलंय आणि अनुदानाचा अर्ज गेलाय. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला मापदंडाच्या, म्हणजे सरकारनं धरलेल्या खर्चाच्या, ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, वर राज्याची भर. मापदंड ठरतो दोन नळ्यांमधल्या अंतरावर: नळ्या जवळ तर नळी जास्त, रक्कमही जास्त. बिलात अंतर १.२ मीटर. वावरात १.५. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. १.२ नं भागलं तर नळी लागते ३३७२ मीटर, १.५ नं भागलं तर २६९८. फरक ६७४ मीटर. सासऱ्यानं सांगितलं, जिभाऊनं नाही म्हटलं नाही. त्याची आयुष्यभराची खोड इथं पहिल्यांदा मीटरमध्ये मोजता येते.

पहिल्या खर्ड्यात मॅडम मोजतात, रागावतात, जिभाऊ म्हणतो, 'तुमच्यामुळे मी बदललो.' हे वाक्य कुठल्याही पटकथेत दिसलं की खोडावं. बदललेला माणूस तसं सांगत नाही. दुरुस्त प्रसंग असा:

मॅडम टेप सोडतात. 'दोन ओळींत अंतर किती?'

'मॅडम म्हणतील तेवढं.'

'टेप म्हणेल तेवढं.' टेप १.५ म्हणतो. सासरा बांधावरून, 'चालशे, चालशे.'

जिभाऊ शेवटचा डाव टाकतो. 'ऊन आहे ना मॅडम. उन्हात नळी लांबते, ओळ सरकते.'

मॅडम त्याच्याकडे बघतात. 'उन्हात लांबते? मग जास्त भरायला पाहिजे. कमी कशी भरली?'

इथं प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी या दोघांचं जमणार हे त्याला कळतं. उन्हात नळी लांबते हे खरंच आहे, काळी पॉलिथिनची नळी भर दुपारी ताणून टाकली तर रात्री आखडते, म्हणून टाकताना थोडी सैल सोडतात. त्याच्याच धंद्यातलं खरं त्याच्याच थापेवर उलटवणारी ही पहिली बाई. रंजनानं त्याला ओळखलं होतं, हेतल त्याच्यासारखीच निघाली, मॅडम त्याच्याशी वाद घालतात. तीन नात्यांनी तीन वेगळी कामं केली पाहिजेत. दोघी एकच काम करत असतील तर एकीला पटकथेतून निरोप द्यावा.

मग तो दोन पावलं चालतो. एका नळीपासून दुसरीपर्यंत पुरी दोन पावलं, दीड मीटर, मापाची गरज नाही. आणि मॅडमपुढे पहिल्यांदाच अहिराणीत बोलतो: 'सहाशे चौऱ्याहत्तर मीटर कमी शे, वैशाली मॅडम.' पुस्तकी मराठी सुटली, बोली आली, नाव आलं, सगळं एका वाक्यात. नाव त्याला तपासणी अहवालावरच्या सहीतून कळलंय, हे आधीच्या शॉटमध्ये दाखवायला विसरू नये. लगेच सासरा ओरडतो, 'बिल बदलाव!' आणि जिभाऊ म्हणतो, 'बदली टाकू.' खोड गेलेली नाही, तिला फक्त नवा मालक मिळालाय.

चित्रणाबद्दल थोडं. आखाजीच्या सुमारास इकडे पारा ४२-४३च्या पुढे जातो. नट सकाळी दहानंतर आणि साडेचारच्या आधी उभा करू नये, नळीला हातही लावता येत नाही. अख्खा एकर अंथरायची गरज नाही, चौकटीत ८-१० ओळी, प्रत्येकी २५-३० मीटर, एवढ्यानं वावर भरतं. १.२ आणि १.५ मधला फरक कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून टेपचा जवळचा शॉट आणि दोन पावलांचा पायांचा शॉट असे दोन्ही घ्यावेत.

शेवटचं पान

पहिल्या खर्ड्यात शेवट मांडवात होता. मांडव काढला. मेअखेर सरकारी बदल्यांचा हंगाम असतो, वैशालीची बदली नंदुरबारला झाली. अमळनेर स्टेशन, गाडी सुरतेकडची. ती विचारते, 'कुठं निघालात?'

'तुम्ही म्हणाल...' एवढं म्हणून तो थांबतो. खिशातून तिकीट काढून दाखवतो. 'दोंडाईचा. फिल्टर आनाले जाई राहिनू.'

इथं दोन वाटा होत्या. तो दोंडाईचाला उतरतच नाही, तिच्यासोबत पुढे जातो, ही पहिली. गोड आहे, पण म्हणजे पुन्हा समोरच्याला हवं तेच केलं. दुसरी वाट घेतली. तो उतरतो. ती खिडकीतून म्हणते, 'फिल्टर घ्या आणि मागच्या गाडीनं नंदुरबारला या.' गाडी हलते.

'आज नही,' तो म्हणतो. 'परवा येसू.'

हा संवाद स्थानकावर प्रत्यक्ष घ्यायचा असेल तर गाडी थांबते तेवढ्या दोनेक मिनिटांत एकच टेक मिळतो, म्हणून 'आज नही' आणि 'परवा येसू' यांच्यामधला खंड आधी घरी, घड्याळ लावून, बसवून घ्यावा.